रेंजच्या आधीचे दोनशे मीटर आणि नंतरचे दोनशे

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आम्ही इंदूरचे चौघे, त्यातले तिघे जुने एनसीसी कॅडेट. जानेवारीत महूच्या पलीकडे, विंध्याच्या कडेने एका क्लबची नेमबाजी आणि नकाशावाचनाची सांघिक शर्यत आहे. अंतर साधारण १६ किलोमीटर, १२ चौक्या, ३ फायरिंग पॉइंट. संघाला एकच एअर रायफल, ती आपणच वाहायची. प्रत्येक पॉइंटवर चौघांनी आळीपाळीने पाच-पाच छर्रे मारायचे, चुकलेल्या प्रत्येक लक्ष्यामागे दोन मिनिटं दंड. जीपीएस आणि फोन बंद, चौघांनी शेवटपर्यंत एकत्र राहायचं. काका, रेंजवर आमचा नेम बसतो, धावण्यात कोणी कमी नाही, नकाशाही येतो. पण सगळं एकत्र केलं की बिघडतं. सराव नेमका कशाचा वाढवू?"

यातल्या कशाचाच वाढवू नका. सराव जोडांचा करा. धावणं संपून नेम सुरू होतो तो एक जोड, नेम संपून पुन्हा नकाशा हातात येतो तो दुसरा. फौजेत असताना आणि पुढे कॅडेट मुलांना शिकवताना जे चांगले संघ मागे पडलेले पाहिले, त्यातले बहुतेक या दोन शिवणींत उसवले. तुम्ही तिघे एनसीसीतले आहात, म्हणजे सवय कुठली आहे ते कळतं. थल सैनिक कॅम्पात, म्हणजे एनसीसीच्या त्या स्पर्धा-शिबिरात, फायरिंगची स्पर्धा वेगळी, मॅप रीडिंगची वेगळी, ऑब्स्टॅकलची वेगळी. प्रत्येकीला ताज्या डोक्याने उभं राहता येतं. इथे ते मिळणार नाही.

आधी दंडाचा हिशेब मांडा, कारण त्यावरून बाकीचे सगळे निर्णय ठरतात. चार जण, पाच छर्रे, तीन पॉइंट, म्हणजे ६० लक्ष्यं. प्रत्येकाने दर वेळी दोन चुकवली तर २४ चुका आणि ४८ मिनिटं. आता धावणं बघा. किलोमीटरला आठ मिनिटं धरली तर १६ किलोमीटरला १२८ मिनिटं, सात धरली तर ११२. फरक १६ मिनिटांचा, म्हणजे आठ लक्ष्यांचा. डोंगराळ जमिनीवर किलोमीटरमागे एक मिनिट कमी करायला महिने जातात. तेवढीच कमाई दर पॉइंटवर चौघांनी मिळून तीन लक्ष्यं जास्त पाडली की होते. बायथलॉनमध्ये, म्हणजे बर्फावरच्या स्कीइंग आणि नेमबाजीच्या शर्यतीत, एका चुकीला १५० मीटरची दंडफेरी असते, तिथल्या इंडिव्हिज्युअल शर्यतीत परंपरेने एक मिनिट दंड. तुमचा दंड त्याहून कडक आहे. ज्यांनी हे नियम लिहिले त्यांना धावपटू नको आहेत, एवढं तरी समजून घ्या.

म्हणून फायरिंग पॉइंटच्या आधीचे शेवटचे दोनशे मीटर चाला. रमतगमत नाही, पण चाला. सहा मिनिटांच्या गतीने दोनशे मीटरला ७२ सेकंद लागतात, दहा मिनिटांच्या गतीने १२० सेकंद. तोटा ४८ सेकंदांचा. त्या बदल्यात वीस लक्ष्यांपैकी एक जरी जास्त पडलं तरी मिनिटापेक्षा जास्त फायदा. हे गणित समजावूनही मुलं ऐन वेळी धावत सुटतात, कारण दुसरा संघ मागून येताना दिसतो. त्यासाठी एक माणूस नेमा. 'चाला' म्हणायचा अधिकार त्याचा आणि बाकीच्यांनी त्यावर वाद घालायचा नाही.

त्या दोन मिनिटांच्या चालण्यात तीन कामं उरकायची. एक, चष्मे आणि स्कोपची काच पुसणं. जानेवारीतल्या सकाळी घामाच्या वाफेने काच धूसर होते आणि हे आडवं पडल्यावर लक्षात येतं. दोन, हात झटकून मोकळे करणं, विशेषतः ज्याने रायफल वाहिली त्याने. तीन, आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं: पुढच्या टप्प्याचं बेअरिंग (होकायंत्रावरची अंशांतली दिशा), अंतर आणि पहिली ठळक खूण नेव्हिगेटरने, म्हणजे नकाशा धरणाऱ्याने, मोठ्याने सांगायची, दुसऱ्या एकाने ती परत म्हणून दाखवायची. हे रेंजवर पोहोचण्यापूर्वी झालंच पाहिजे. का, ते पुढे सांगतो.

फायरिंगचा क्रम. रायफल एकच आहे, म्हणजे एक जण मारत असताना तिघे मोकळे असतात. बहुतेक संघ सगळ्यांत पक्का नेमबाज आधी पाठवतात, उत्साह वाढावा म्हणून. मी नेव्हिगेटरला आधी पाठवीन. त्याचे पाच छर्रे झाले की बाकी तिघांच्या वेळात त्याला नकाशावर निवांत बसता येतं, आणि अख्ख्या शर्यतीत अशी फुकटची मिनिटं फक्त इथेच मिळतात. तो धावतानाही नकाशात डोकं घालून असतो, त्यामुळे त्याचा दम सहसा इतरांपेक्षा कमी लागलेला असतो. ज्याची नाडी उशिरा खाली येते तो तिसरा. सगळ्यांत कच्चा नेमबाज शेवटी, पण त्याला नुसतं बसवून ठेवू नका. थंडीत घामेजलं अंग चटकन गार होतं आणि बोटं आखडतात. जॅकेट घालून, हात काखेत धरून त्याने थांबायचं.

एका रायफलवर चार माणसं, ही या शर्यतीतली खरी मेख आहे आणि तुमच्या प्रश्नात ती नुसती नियम म्हणून येऊन जाते. खांद्याची ठेवण, गालाची हाडं, हाताची लांबी प्रत्येकाची वेगळी. एकाने झिरो केलेली, म्हणजे आपल्या नेमाला साइट जुळवून घेतलेली रायफल दुसऱ्याच्या हातात गेली की छर्रे कुठेतरी बाजूला गोळा होतात. स्प्रिंगची रायफल असेल तर फरक आणखी वाढतो, कारण तिचा पिस्टन छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच रायफलीला हलवतो. पकड घट्ट की सैल, यावरही छर्रा कुठे जाईल ते ठरतं. तिला घट्ट आवळू नका. तळहातावर नुसती टेकवा आणि दर वेळी त्याच जागी टेकवा. नियमात बसत असेल आणि ऐपत असेल तर हवा भरून वापरायची पीसीपी घ्या. चार हातांत फिरणाऱ्या रायफलीला ती जास्त माफ करते.

करायचं असं. लक्ष्य ज्या अंतरावर असेल त्या अंतरावर चौघांनी वेगवेगळ्या कागदांवर दहा-दहा छर्रे मारायचे. चारही गटांचे मध्य काढायचे आणि रायफल त्या चौघांच्या मधोमध झिरो करायची. मग प्रत्येकाने आपला फरक पाठ करायचा: 'माझा छर्रा उजवीकडे, नखभर खाली.' शर्यतीत साइटच्या कळा कोणी फिरवायच्या नाहीत. एकाने दोन क्लिक फिरवल्या आणि सांगायचं विसरला की मागच्या तिघांचा नेम गेलाच. अंतरं वेगवेगळी असतील तर १०, १५, २०, २५ मीटरवर छर्रा किती खाली येतो ते स्वतः मारून बघा आणि कार्डावर लिहून रायफलच्या कुंद्याला चिकटवा. इंटरनेटवरचे तक्ते तुमच्या रायफलचे नसतात.

धाप लागलेली असताना फायर कसा करायचा, यावर पुष्कळ बोललं जातं. माझ्या मते दोनच गोष्टी पुरतात. पहिली, श्वास लांब रोखू नका. रेंजवर शांतपणे आठ-दहा सेकंद रोखता येतो, धावून आल्यावर तसं केलं की डोळ्यांपुढे अंधुक होतं आणि नेम आणखी थरथरतो. दोन-तीन खोल श्वास, शेवटचा अर्धा सोडायचा, तीन-चार सेकंदांत घोडा दाबायचा. जमलं नाही तर बोट काढा, पुन्हा श्वास घ्या. दुसरी, शरीर लक्ष्याकडे वळलेलं हवं. आडवे पडा, नेम धरा, डोळे मिटा, एक श्वास सोडा, डोळे उघडा. साइट लक्ष्यावरून सरकली असेल तर हातांनी ओढून आणू नका, पोटाखालून सगळं अंग हलवा. दमलेल्या माणसाचे स्नायू पाच छर्रे होईपर्यंत रायफल ओढून धरू शकत नाहीत. रायफलचा पट्टा वापरत असाल तर तो हाताच्या दंडावर फार आवळू नका, नाडीचा ठोका थेट साइटमध्ये दिसतो.

पोझिशन निवडायची मुभा असेल तर आडवेच पडा, कपडे चिखलाने भरले तरी. बायथलॉनमध्ये ५० मीटरवर आडवं पडून मारायचं लक्ष्य ४५ मिलिमीटरचं असतं आणि उभ्याने मारायचं ११५ मिलिमीटरचं. उभ्याने नेम किती बिघडतो याचा याहून चांगला पुरावा नको. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं. त्याचे सामने मिळाले तर बघा. गुडघ्यावरून आडवं आणि आडव्यावरून उभं होताना तो किती वेळ देतो, पायांची जागा कशी पुन्हा पुन्हा लावतो, ते बघण्यासारखं आहे. मधल्या बदलाला वेळ द्यावा लागतो, हे तिथे डोळ्यांनी दिसतं.

आता दुसरा जोड. नकाशातली मोठी चूक सहसा दाट जंगलात किंवा अवघड चढावर होत नाही, रेंजवरून निघाल्यावरच्या पहिल्या दोनशे-तीनशे मीटरमध्ये होते. कारण उघड आहे. पाच-सहा मिनिटं सगळ्यांचं मन लहानशा काळ्या ठिपक्यात अडकलेलं असतं. नकाशा घडी होऊन खिशात गेलेला असतो. कोणाची दोन चुकली, कोणाची चार पडली, यावर बोलणं चालू असतं. रेंजवर आत एका बाजूने येतो आणि बाहेर दुसरीकडून काढतात, त्यामुळे डोक्यातली दिशा फिरलेली असते. आणि दंड लागलेला संघ तर वेळ भरून काढायला आधीच पळत सुटतो. म्हणून रेंजवरून निघाल्यावरचे पहिले दोनशे मीटरसुद्धा चालायचे. होकायंत्र काढायचं, आधी मोठ्याने म्हटलेलं बेअरिंग लावायचं, पहिली खूण दिसेपर्यंत नेमबाजीबद्दल एक शब्द बोलायचा नाही. खूण सापडली की पळा.

होकायंत्र आणि रायफल एकाच माणसाकडे नको. लष्करी शिकवणीत रायफलपासून होकायंत्र निदान अर्धा मीटर, काटेरी तारेपासून १० मीटर, मोटारीपासून १८ मीटर आणि उच्चदाबाच्या विजेच्या तारांपासून ५५ मीटर दूर धरायला सांगतात. महूच्या आसपास शेतांना तारेचं कुंपण आहे आणि डोक्यावरून विजेच्या तारा जातात, म्हणजे हे आकडे इथे रोजचे आहेत. शिवाय आपला सगळा दगड काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. त्यात लोहखनिज असतं. उघड्या कड्यावर होकायंत्र टेकवून बेअरिंग घेऊ नका, उभं राहून घ्या आणि शंका आली तर चार पावलं बाजूला जाऊन पुन्हा घ्या. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक आपल्याकडे एका अंशाच्याही आत आहे, त्याचा हिशेब या अंतरावर सोडून दिला तरी चालेल. एक अंश चुकलं तर किलोमीटरला साधारण १७ मीटर बाजूला जाता. हाताच्या चुका त्याहून मोठ्या असतात.

रायफल तीन-चार किलोची असते. ती दर चौकीवर हातबदल करा, पण नेव्हिगेटरला वगळून. शेवटच्या अर्ध्या किलोमीटरला, फायरिंग पॉइंट येण्याआधी, ती चौथ्या क्रमांकाच्या नेमबाजाकडे असावी. त्याला हात मोकळे करायला सगळ्यांत जास्त वेळ मिळतो.

जमिनीबद्दल. सगळ्यांना विंध्याच्या घाटाची भीती वाटते, मला माळव्याच्या पठाराची वाटते. घाटात चूक लवकर कळते: दरी, धार, नाला, सगळं काँटूरमध्ये, म्हणजे नकाशावरच्या समान उंचीच्या रेषांत, स्पष्ट दिसतं. जानापाव ८५४ मीटर उंच, आजूबाजूचं पठार साडेपाचशे-सहाशेच्या आसपास, म्हणजे आकाश साफ असेल तर डोंगर लांबून दिसतो आणि त्याच्यावरून बॅक बेअरिंग (खुणेकडून आपल्याकडे येणारी उलटी दिशा) घेऊन आपली जागा ठरवता येते. पठारावर तसं काही नसतं. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० नकाशावर काँटूर २० मीटरच्या अंतराने असतात, त्यामुळे आठ-दहा मीटर खोल नाला नकाशात नुसती निळी रेघ असतो आणि समोर आला की ओलांडायला पाच मिनिटं जातात. नवी शेततळी, नवे डांबरी रस्ते, तोडलेली झाडी, यातलं बरंच नकाशात नसतं. नाला, रेल्वेमार्ग, गावाची बाहेरची कड आणि टेकडीचा माथा यांवर भरवसा ठेवा. विहीर, झोपडी, पायवाट यांवर ठेवू नका.

पठारावर मुद्दाम बाजू धरून चाला. समजा चौकी पातालपाणीकडच्या रेल्वेमार्गावर एका मोरीजवळ आहे आणि तुम्ही उत्तरेकडून येता आहात. नेमकं मोरीचं बेअरिंग धरलंत आणि रुळांवर आलात पण मोरी दिसली नाही, तर डावीकडे जायचं की उजवीकडे? त्यापेक्षा आधीच पाच अंश डावीकडचं धरा. रूळ लागले की न विचारता उजवीकडे वळा. किलोमीटरला पाच अंश म्हणजे ८५-९० मीटर, तेवढं जास्तीचं चालणं परवडतं.

चढाचा हिशेब स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथच्या १८९२ च्या नियमाने करा: सपाटीवर ताशी पाच किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे एक मीटर चढ सपाटीवरच्या आठ मीटरच्या बरोबरीचा. दोन काँटूर वाचवायला ३०० मीटरचा वळसा पडत असेल तर वळसा घ्या, पाय ताजे राहतील आणि पुढच्या पॉइंटवर हात कमी थरथरतील. पळणाऱ्यांना तोच नियम गतीच्या प्रमाणात लागू होतो.

जानेवारीत शेतात गहू आणि हरभरा उभा असतो, पाणी दिलेलं असतं. काळी माती ओली झाली की बुटाला किलोभर चिकटते. गव्हातून तिरकं कापत गेलात तर वेळ वाचत नाहीच, वर शेतकऱ्याची शिवी खावी लागते आणि ती रास्त असते. बांधाने जा. सूर्याचाही उपयोग करा: जानेवारीत तो आग्नेयेला उगवतो, आणि आपल्याकडे तो बरोबर दक्षिणेला बारा वाजता येत नाही, साडेबाराच्या थोडं पुढे येतो. घड्याळाकडे बघून बारालाच दक्षिण धरली तर दिशा बरीच चुकते.

पावलं मोजायचं काम चौथ्या माणसाला द्या. चालताना १०० मीटरला आपली दुहेरी पावलं (डावं-उजवं मिळून एक) किती, पळताना किती, चढावर किती, हे त्याने मोजून ठेवलेलं असावं. तो मोजत असताना त्याच्याशी गप्पा मारायच्या नाहीत. नेव्हिगेटर एक आणि त्याला तपासणारा दुसरा, एवढे दोघेच नकाशा बघणार. चौघांनी नकाशावर मान घातली की चर्चा सुरू होते आणि चर्चेत आवाज मोठा असणाऱ्याचा रस्ता निवडला जातो.

सरावाचा आराखडा साधा ठेवा. आठवड्यातून एकदा क्लबच्या रेंजवर जा. आत रायफल ठेवा, बाहेर ४०० मीटर पळा, परत येताना चाला, पाच छर्रे मारा आणि लगेच कोणीतरी विचारायचं: 'पुढच्या टप्प्याचं बेअरिंग?' ज्याला छर्ऱ्यांच्या नादात बेअरिंग आठवत नाही, त्याचा सराव कशाचा कमी आहे ते तिथेच कळतं. रविवारी रायफल घरी ठेवून चोरलच्या बाजूला नकाशा घेऊन फिरा. दर दोन किलोमीटरला थांबा, पाच मिनिटं फायरिंगचा बहाणा करा, आडवे पडा, उठा आणि बेअरिंग लावून निघा. हास्यास्पद दिसतं, गावातली पोरं हसतात. स्प्रिंगच्या रायफलीने छर्ऱ्याशिवाय कोरडा घोडा ओढायचा सराव करू नका, पिस्टनची वाट लागते.

यातलं नेम, नकाशा आणि दम एकत्र तपासणारं मोठं उदाहरण हवं असेल तर सीआयओआर या राखीव लष्करी अधिकाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धेचं स्वरूप वाचा. तिथे तिघांचा संघ असतो, नेमबाजी, अडथळे आणि ओरिएंटियरिंग एकाच गुणतक्त्यात. वेल्समधल्या केम्ब्रियन पॅट्रोल या लष्करी गस्तीच्या स्पर्धेत तर आठ जणांनी ओझ्यासह साधारण ६० किलोमीटर चालायचं असतं. २०२१ मध्ये आपल्या ४/५ गोरखा रायफल्सच्या तुकडीने तिथे सुवर्ण घेतलं.

शेवटी, कायद्याचं. ४.५ मिलिमीटरपर्यंत नळी आणि २० जूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही, पण तिची खरेदीची पावती आणि स्वतःचं ओळखपत्र जवळ ठेवा. रस्त्यावर लोकांना आणि पोलिसांना ती रायफलच दिसते. पॉइंट सोडून बाकी सगळीकडे ती रिकामी आणि पेटीबंद. रालामंडल हे अभयारण्य आहे, तिथे हत्यार घेऊन सरावाला जायचा विचारही नको. महूकडे बेरछाच्या बाजूला लष्कराची फायरिंग रेंज आहे, नकाशावर मोकळी जमीन दिसली म्हणून तिकडे शिरू नका. आयोजकांकडे वन विभागाची परवानगी आहे का, ते पैसे भरण्याआधी लेखी विचारा. लोखंडी लक्ष्यं असतील तर छर्ऱ्याचे तुकडे उलटे येतात, म्हणून जवळ उभ्या असलेल्या तिघांनीही डोळ्यांना चष्मे लावायचे, फक्त मारणाऱ्याने नाही.